बाळंतपणाच्या वर्षी एचएसए असलेली योजना घ्यावी का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीत एडिसनजवळ राहणारे आणि एच-१बी व्हिसावर नोकरी करणारे एक गृहस्थ लिहितात की, त्यांच्या कंपनीने २०२६ साठी आरोग्यविम्याच्या दोन योजना देऊ केल्या आहेत. पहिली नेहमीची पीपीओ (ठरलेल्या डॉक्टर-रुग्णालयांच्या यादीतून उपचार घेतल्यास स्वस्त पडणारी योजना) आहे. तिचा प्रीमियम दर पगाराला २४० डॉलर, कुटुंबाचे डिडक्टिबल (विम्याचे पैसे मिळू लागण्याआधी आपण भरायची रक्कम) १,००० डॉलर, त्यानंतर २० टक्के वाटा आपला, वर्षभरात उपचारांसाठी खिशातून जाणाऱ्या पैशांची कमाल मर्यादा ६,००० डॉलर आणि डॉक्टरांच्या दर भेटीला ३० डॉलर कोपे, म्हणजे ठरावीक शुल्क. दुसरी मोठ्या डिडक्टिबलची, एचएसए (उपचारांसाठी करमुक्त पैसे साठवण्याचे स्वतःचे खाते) उघडता येणारी योजना आहे. तिचा प्रीमियम दर पगाराला १५० डॉलर, डिडक्टिबल ४,०००, त्यानंतर तोच २० टक्के वाटा, कमाल मर्यादा ९,००० आणि कंपनीकडून एचएसएमध्ये १,००० डॉलर. पगार वर्षातून २६ वेळा होतो. पत्नीची प्रसूती फेब्रुवारीच्या अखेरीस अपेक्षित आहे, घरात चार वर्षांची मुलगी आहे आणि सगळ्यांचा विमा यांच्याच कंपनीतून आहे. पत्नी दुसरीकडे नोकरी करते आणि तिथे तिचे २,००० डॉलरचे एफएसए (उपचारांसाठी पगारातून करमुक्त पैसे बाजूला ठेवण्याची कंपनीची वर्षापुरती सोय) आहे. ऑफिसातले सहकारी म्हणतात, एचएसए घे, टॅक्स वाचतो. काही वर्षांनी पुण्याला परत जायचा विचार आहे. तर कोणती योजना घ्यावी?

अमेरिकेतल्या कंपन्यांच्या विमायोजना आखण्याचे आणि त्या कर्मचाऱ्यांना समजावून सांगण्याचे काम मी अनेक वर्षे करत आहे, आणि हा प्रश्न दर ओपन एनरोलमेंटला, म्हणजे योजना निवडण्याच्या वार्षिक मुदतीत, कोणी ना कोणी विचारतेच. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न कर वाचवण्याचा नाही. वाईट वर्ष आले तर तुमच्या खिशातून जास्तीत जास्त किती जाईल आणि ते पैसे फेब्रुवारी-मार्चमध्ये तुमच्या हाताशी असतील का, हा तो प्रश्न आहे. कराचा विचार त्यानंतर करावा.

आधी अशा रकमा बाजूला काढू, ज्या कोणी आजारी पडो वा न पडो, नक्की वाचणार आहेत. पीपीओचा वर्षाचा प्रीमियम ६,२४० डॉलर होतो आणि दुसऱ्या योजनेचा ३,९००, म्हणजे २,३४० डॉलर वाचले. त्यात कंपनीचे १,००० मिळवले की ३,३४० डॉलर झाले. ही तुमची निश्चित बचत. आता दुसऱ्या बाजूला पाहा. कुटुंबासाठी दिलेल्या आकड्यांवरून, खर्च ४,००० डॉलरच्या पुढे गेला की मोठ्या डिडक्टिबलच्या योजनेत तुम्ही पीपीओपेक्षा २,४०० डॉलर जास्त भरता, आणि दोन्ही मर्यादा गाठल्या तर ३,००० डॉलर जास्त. म्हणजे सर्वांत वाईट वर्षातही ३,००० जास्त गेले, तरी ३,३४० आधीच वाचलेले असतात. ज्या वर्षी सगळा खर्च डॉक्टरांच्या भेटींचाच असतो आणि पीपीओमध्ये तो ३० डॉलरच्या कोपेवर भागतो, त्या वर्षी पीपीओ थोडीफार पुढे जाऊ शकते. पण बाळंतपणाचे मोठे बिल रुग्णालयाचे असते, तिथे कोपेचा फारसा उपयोग नाही. इथवर पाहिले तर तुमचे सहकारी बरोबर आहेत.

पण तुमच्या प्रश्नात एक आकडा नाही, आणि तुमच्या बाबतीत तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. कुटुंबाच्या मर्यादेच्या आत एका व्यक्तीसाठी वेगळी मर्यादा आहे का? बहुतेक पीपीओंमध्ये ती असते आणि बहुधा कुटुंबाच्या निम्मी असते. मोठ्या डिडक्टिबलच्या योजनांमध्ये मात्र अनेकदा ती नसते. कुटुंबाचा सगळा खर्च एकाच खात्यात मोजला जातो. कायद्याने एका व्यक्तीवर येणारा भार २०२६ मध्ये १०,६०० डॉलरच्या वर जाऊ शकत नाही, पण तुमच्या योजनेची कुटुंबाची मर्यादाच ९,००० असल्याने त्या नियमाचा तुम्हाला आधार मिळत नाही. एकटी आईदेखील पूर्ण ९,००० डॉलरपर्यंत पोहोचू शकते.

इथेच माहितीपुस्तिका वाचताना लोक हमखास फसतात. पुस्तिकेत '२,००० वैयक्तिक, ४,००० कुटुंब' असे छापलेले असते आणि वाचणारा समजतो की पत्नीच्या बिलाचे २,००० डॉलर भरले की विमा सुरू होईल. एचएसएला पात्र असलेल्या योजनेत हे शक्य नाही, कारण २०२६ च्या नियमांनुसार कुटुंबाच्या योजनेत कोणाही एका व्यक्तीला ३,४०० डॉलर भरण्याआधी विम्याचे पैसे मिळू लागले, तर ती योजना एचएसएच्या पात्रतेतूनच बाहेर पडते. तो २,००० चा आकडा फक्त एकट्याचा विमा घेणाऱ्यासाठी असतो. प्रतिबंधात्मक तपासण्या मात्र याला अपवाद आहेत. गरोदरपणातल्या नेहमीच्या तपासण्या आणि गर्भारपणातल्या मधुमेहाची चाचणी दोन्ही योजनांत डिडक्टिबलशिवाय मिळते. सोनोग्राफी आणि प्रत्यक्ष प्रसूती बहुतेक वेळा तशी मिळत नाही.

समजण्यापुरते आकडे घेऊन पाहू. विमा कंपनीच्या ठरलेल्या दराने आईचे बिल १८,००० डॉलर, बाळाचे ४,००० आणि बाकी कुटुंबाचे वर्षभरातले २,००० डॉलर झाले असे धरा. पीपीओमध्ये प्रत्येकी ५०० डिडक्टिबल आणि प्रत्येकी ३,००० ची मर्यादा असेल, तर आईचे ३,०००, बाळाचे १,२०० आणि उरलेल्यांचे ४०० असे ४,६०० डॉलर जातील. प्रीमियम मिळवून वर्षाचे १०,८४०. दुसऱ्या योजनेत व्यक्तीची वेगळी मर्यादा नसेल, तर ४,००० आणि पुढच्या २०,००० चे २० टक्के असे ८,००० डॉलर जातील. प्रीमियम मिळवून आणि कंपनीचे १,००० वजा करून १०,९००. फरक साठ डॉलरचा. गुंतागुंत होऊन एकट्या आईचे बिल ४०,००० वर गेले, तर पीपीओ १०,८४० वरच थांबते आणि दुसरी योजना ११,९०० वर जाते. बाळालाही नवजात अतिदक्षता विभागात ठेवावे लागले, तर पीपीओचे १२,२४० होतात आणि दुसरीचे तेच ११,९०० राहतात. म्हणजे या विशिष्ट वर्षी दोन्ही योजना एकमेकींच्या हजारभर डॉलरच्या आत-बाहेर राहतात. दुसऱ्या योजनेत व्यक्तीसाठी समजा ४,५०० ची वेगळी मर्यादा निघाली, तर मात्र शंका उरत नाही, ती योजना स्पष्टपणे स्वस्त आहे. म्हणून मनुष्यबळ विभागाकडून योजनेचा 'समरी ऑफ बेनिफिट्स' हा दस्तऐवज मागवून त्यातला हा आकडा आधी पाहा.

आणखी एक गैरसमज दूर करतो, कारण त्यामुळे लोक विनाकारण घाबरतात. डिडक्टिबल पूर्ण होईपर्यंत तुम्ही जे बिल भरता, ते रुग्णालयाच्या छापील दराने नसून विमा कंपनीने नेटवर्कमधल्या, म्हणजे आपल्या यादीतल्या, रुग्णालयाशी ठरवलेल्या दराने असते. दोन्ही योजनांचे नेटवर्क बहुधा एकच असते. तरी तुमच्या प्रसूतितज्ज्ञांचे आणि रुग्णालयाचे नाव दोन्ही याद्यांत तपासून घ्या. रुग्णालय नेटवर्कमधले आणि भूलतज्ज्ञ बाहेरचे, असे पूर्वी वारंवार घडत असे आणि वेगळे भले मोठे बिल घरी येत असे. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या 'नो सरप्राइजेस' कायद्याने त्याला आळा घातला आहे. नेटवर्कमधल्या रुग्णालयातले भूलतज्ज्ञ किंवा नवजात शिशुतज्ज्ञ बाहेरचे असले, तरी तुमचा वाटा नेटवर्कमधल्याप्रमाणेच धरावा लागतो.

आता कराकडे येऊ. २०२६ मध्ये कुटुंबाचा विमा असलेल्या व्यक्तीच्या एचएसएमध्ये एकूण ८,७५० डॉलर जमा होऊ शकतात आणि त्यात कंपनीचे १,००० धरले जातात, म्हणजे तुम्ही स्वतः ७,७५० भरू शकता. हे पैसे पगारातून परस्पर कापून घेतले, तर त्यावर फेडरल प्राप्तिकरही लागत नाही आणि सोशल सिक्युरिटी व मेडिकेअरचा ७.६५ टक्के करही लागत नाही. तुम्ही २२ टक्क्यांच्या टप्प्यात असाल, तर पूर्ण रकमेवर सुमारे २,३०० डॉलर वाचतात. स्वतःच्या बँकखात्यातून भरलेत तर प्राप्तिकराची वजावट मिळते, पण ते ७.६५ टक्के मिळत नाहीत. म्हणून भरणा पगारातूनच करावा. न्यू जर्सी आणि कॅलिफोर्निया ही दोन राज्ये एचएसएची करसवलत मानत नाहीत. तुमच्या राज्याच्या विवरणपत्रात ही रक्कम उत्पन्नातच धरली जाईल आणि खात्यातल्या व्याजावर व लाभांशावरही राज्याचा कर लागेल. दुसऱ्या राज्यातल्या एखाद्या मित्राचे गणित तुम्हाला जसेच्या तसे लागू होत नाही, ते याचसाठी.

पीपीओ घेऊनही काही कर वाचतो, हेही न्यायाने सांगायला हवे. पीपीओबरोबर तुम्ही स्वतःच्या कंपनीत एफएसए घेतले, तर २०२६ मध्ये ३,४०० डॉलरपर्यंत करमुक्त बाजूला ठेवता येतात, म्हणजे त्याच दराने सुमारे १,००० डॉलर कर वाचतो. शिवाय एफएसएची पूर्ण रक्कम १ जानेवारीलाच वापरता येते, मग पगारातून कपात वर्षभर होत राहिली तरी चालते. एचएसएमध्ये मात्र जेवढे जमा झाले तेवढेच काढता येतात. फेब्रुवारीतल्या बाळंतपणासाठी हा फरक लहान नाही. दुसरीकडे, एफएसएमधली न वापरलेली रक्कम वर्षअखेरीस बहुतांशी बुडते, तर एचएसएमधली कधीच बुडत नाही आणि नोकरी सुटली तरी ते खाते तुमच्याच नावावर राहते. एच-१बीवरच्या माणसाला याचे मोल जास्त आहे. नोकरी गेल्यावर अमेरिकेत राहायला साधारणपणे मिळणाऱ्या साठ दिवसांच्या मुदतीत कोब्राचा (नोकरी सुटल्यावरही कंपनीचाच विमा स्वखर्चाने चालू ठेवू देणाऱ्या कायद्याचा) विमा चालू ठेवायचा झाला, तर त्याचा प्रीमियम योजनेच्या पूर्ण खर्चाच्या १०२ टक्क्यांपर्यंत असू शकतो, आणि तो एचएसएमधून करमुक्त भरता येतो.

तुमच्या बाबतीतला सर्वांत नाजूक मुद्दा पत्नीच्या एफएसएचा आहे. सर्वसाधारण एफएसएमधून पतीचाही खर्च भागवता येत असल्याने, तिचे एफएसए चालू असेपर्यंत कायद्याच्या दृष्टीने तुम्हालाही 'दुसरे संरक्षण' आहे आणि तुम्ही एचएसएमध्ये एक डॉलरही भरू शकत नाही, कंपनीचे १,०००सुद्धा घेऊ शकत नाही. तसे भरलेत तर ती रक्कम जादा भरणा ठरते आणि काढून घेईपर्यंत दर वर्षी तिच्यावर ६ टक्के दंडकर लागतो. तेव्हा पत्नीने २०२६ साठी स्वतःच्या कंपनीत एफएसए शून्य करावे, किंवा फक्त दात आणि डोळ्यांसाठीचे मर्यादित एफएसए निवडावे. ते एचएसएबरोबर चालते. २०२५ ची शिल्लकही ३१ डिसेंबरपूर्वी पूर्ण संपवावी, कारण काही कंपन्या थोडी रक्कम पुढच्या वर्षी आपोआप नेतात, आणि सर्वसाधारण एफएसएमध्ये पुढे आलेली छोटीशी रक्कमही तुम्हाला पूर्ण वर्षासाठी अपात्र करू शकते. तुमच्या आणि पत्नीच्या कंपनीच्या ओपन एनरोलमेंटच्या तारखा वेगळ्या असतील. तिची मुदत आधीच संपली असेल आणि एफएसए बदलता येत नसेल, तर २०२६ पुरता प्रश्नच मिटला; पीपीओ घ्या आणि तिच्या एफएसएचा बाळंतपणासाठी पुरेपूर उपयोग करा.

तो अडथळा दूर झाला असे धरून पुढचा मुद्दा सांगतो. एचएसए खाते स्थापन होण्याआधी झालेला खर्च त्यातून कधीही करमुक्त फेडता येत नाही. विमा १ जानेवारीला सुरू झाला, पण खाते मार्चमध्ये उघडले, तर फेब्रुवारीतले बाळंतपणाचे बिल कायमचे बाहेर राहते. अनेक ठिकाणी खात्यात पहिली रक्कम पडल्यावरच ते स्थापन झाले असे मानतात. म्हणून जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात खाते उघडून त्यात थोडे तरी पैसे टाका, आणि कंपनीचे १,००० एकदम येतात की तिमाहीला, हे विचारून घ्या. खाते एकदा उघडले की पुढचे सोपे असते. फेब्रुवारीचे बिल तुम्ही बचतीतून किंवा रुग्णालयाच्या बिनव्याजी हप्त्यांनी भरा, खात्यात पैसे साठले की नंतर, अगदी काही वर्षांनीही, स्वतःला परतफेड करून घ्या. त्याला मुदत नाही. पावती आणि विमा कंपनीचे हिशेबपत्रक जपून ठेवावे लागते एवढेच. बाळाचे नाव विम्यात घालण्याला मात्र मुदत आहे. ती सहसा जन्मापासून तीस दिवसांची असते, आणि प्रसूतीनंतरच्या धावपळीत ती हुकलेली मी पाहिली आहे. हे काम आधीच कॅलेंडरवर लिहून ठेवा.

हातात येणाऱ्या पगाराबद्दल लोकांना वाटते की एचएसएसाठी पोटाला चिमटा काढावा लागेल. तुमच्या बाबतीत दर पगाराला प्रीमियमचे जे ९० डॉलर वाचतात, तेवढेच एचएसएकडे वळवले, तर हातातला पगार पीपीओ घेतल्यावर पडला असता जवळजवळ तेवढाच पडतो आणि वर्षअखेरीस खात्यात कंपनीचे धरून ३,३४० डॉलर जमतात. पण हे ९० डॉलर पगारात मिसळून खर्च झाले, तर मोठ्या डिडक्टिबलची योजना घेण्यातला निम्मा अर्थ निघून गेला. कंपनी ४०१-के या निवृत्तीच्या खात्यात जेवढी जोड देते तेवढे तिथे आधी भरावे, त्यानंतर एचएसए, असा क्रम मी सहसा सुचवतो.

आता माझे मत. तुमच्याकडे आपत्कालीन बचत म्हणून ९,००० डॉलर मोकळे असतील, पत्नीचे एफएसए वेळेत बंद होत असेल आणि तुम्ही एचएसएमध्ये खरोखर पैसे भरणार असाल, तर मी एचएसएची योजना घेईन. व्यक्तीची वेगळी मर्यादा नसली तरीही, कारण करातला फरक तो हजार डॉलरचा धोका भरून काढतो आणि २०२७ पासून पुढची साधी वर्षे तुम्हाला चांगला फायदा देतील. ती बचत आज नसेल, तर २०२६ साठी पीपीओ घ्यावी आणि पुढच्या हिवाळ्यात बदल करावा. यात काही गमावल्यासारखे वाटून घेऊ नये. तुमच्या जागी प्रीमियममधला फरक दर पगाराला ४० डॉलरच असता आणि कंपनी काहीच देत नसती, तर निश्चित बचत १,०४० वर आली असती आणि मी क्षणभरही विचार न करता बाळंतपणाच्या वर्षी पीपीओ सुचवली असती.

पैशापलीकडची एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. डिडक्टिबल मोठे असले की माणसे डॉक्टरकडे जाणे पुढे ढकलतात. १९७० च्या दशकात अमेरिकेत रँड संस्थेने आरोग्यविम्याचा जो मोठा प्रयोग सुरू केला, त्यातही हेच दिसले की खर्चाचा वाटा वाढला की लोक अनावश्यक उपचारांबरोबर आवश्यक उपचारही कमी घेतात. प्रसूतीनंतर डोके दुखणे, पायावर सूज येणे, रक्तदाब वाढणे यांकडे 'चारशे डॉलरचे बिल येईल' म्हणून दुर्लक्ष करणे जीवावर बेतू शकते. तुमच्या घरात असा हिशेब मनात येण्याची शक्यता असेल, तर थोडे जास्त पैसे देऊन पीपीओ घेणे अधिक योग्य आहे, आणि ते मी पूर्ण गांभीर्याने सांगतो.

शेवटी भारताचा प्रश्न. एचएसएमधून भारतात घेतलेल्या उपचारांचा खर्चही करमुक्त भागवता येतो, त्यामुळे सुट्टीत पुण्याला दातांचे काम करून घेतले तर त्याची तारीख आणि तपशील असलेली पावती घ्या. भारतातून इकडे आणलेली किंवा मागवलेली औषधे मात्र साधारणपणे चालत नाहीत. भारतात राहणाऱ्या आई-वडिलांचा खर्चही बसत नाही, तुम्ही त्यांना दरमहा पैसे पाठवत असलात तरी; कारण अमेरिकी करकायद्यात अवलंबित ठरण्यासाठी नागरिकत्वाची किंवा वास्तव्याची अट आहे. परत गेल्यावर खाते तुमचेच राहते, पण भारतात पूर्ण निवासी झाल्यावर जगभरातल्या उत्पन्नावर तिथे कर लागतो आणि परदेशी खाती विवरणपत्रात दाखवावी लागतात, तेव्हा त्या टप्प्यावर दोन्ही देशांचा कर जाणणाऱ्या सनदी लेखापालाचा सल्ला घ्या. पासष्ट वर्षांच्या आधी आरोग्याशिवाय इतर कारणासाठी पैसे काढले, तर अमेरिकेत प्राप्तिकर आणि वर २० टक्के दंड लागतो. म्हणून परत जाण्याचे ठरले की निघण्याआधी जपून ठेवलेल्या सगळ्या पावत्या बाहेर काढा, बाळंतपणाचे जे बिल तुम्ही बचतीतून भरले असेल त्याची आणि बाकी खर्चाची परतफेड खात्यातून करून घ्या, आणि तेवढी रक्कम करमुक्त तुमच्या बँकेत आणा.